तोल सावरणारा मेंदू

सकाळी तोंड धुताना माणूस ओंजळीतले पाणी तोंडावर घेतो आणि क्षणभर डोळे मिटतो. बहुतेकांच्या लक्षातही न येणारा असा हा क्षण आहे. काही व्यक्तींचा मात्र नेमका याच क्षणी तोल जातो. अंग पुढे झुकते आणि हात आधारासाठी भिंतीकडे धावतात. हीच व्यक्ती दिवसा उजेडी अंगणात नीट चालते, पण रात्री वीज गेली की दोन पावले टाकणे तिला अवघड होते. घरची मंडळी "आता वय झाले" असे म्हणून समाधान मानतात आणि प्रेमापोटी तिला खाटेवरून उठू देत नाहीत.

पुष्कळदा हा दोष वयाचा नसतो आणि पायांतील बळाचाही नसतो. पायांकडून, सांध्यांकडून किंवा कानातील तोलाच्या इंद्रियाकडून मेंदूला मिळणारा निरोप क्षीण झालेला असतो. हा निरोप तुटला म्हणजे मेंदू पूर्वी होता तसाच राहत नाही, त्याच्या रचनेत व कार्यात बदल घडू लागतात, ही गोष्ट गेल्या काही दशकांतील संशोधनाने स्पष्ट केली आहे. यांतील काही बदल हानिकारक असतात, तर काही सावरणारे असतात. सावरणाऱ्या बदलांना बळ मिळते ते हालचालीतून व सरावातून. म्हणूनच अशा व्यक्तीला केवळ विश्रांती देणे हा उपचार ठरत नाही.

तीन वार्ताहर

दोन पायांवर ताठ उभे राहणे हे वाटते तितके सोपे काम नाही. उभा असलेला माणूस पूर्णपणे स्थिर कधीच नसतो. त्याचे शरीर सतत किंचित डोलत असते आणि पोटऱ्यांचे, मांड्यांचे व पाठीचे स्नायू त्याला सारखे सावरून घेत असतात. हे सावरणे मेंदूच्या आज्ञेने चालते. त्यासाठी मेंदूला शरीराच्या स्थितीची बातमी क्षणाक्षणाला मिळावी लागते आणि ती तीन मार्गांनी येते.

पहिला मार्ग डोळ्यांचा. भोवतालच्या भिंती, झाडे, क्षितिज यांवरून आपण सरळ उभे आहोत की कललो आहोत, हे डोळे सांगतात. दुसरा मार्ग आंतरकर्णाचा. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि तेथील सूक्ष्म केसांसारख्या पेशी त्या हालचालीची सूचना मेंदूकडे धाडतात. या इंद्रियाच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तिसरा मार्ग सर्वांत कमी परिचित आहे. तळपायाची त्वचा, स्नायू व सांधे यांत असलेली संवेदनाग्रे पाऊल कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, टाचेवर भार किती आहे, हे अखंड कळवीत असतात. डोळे मिटूनही माणसाला आपला हात कोठे आहे हे समजते, ते या जाणिवेमुळेच. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या अंगस्थितीच्या जाणिवेला शास्त्रीय नाव देऊन तिचे स्वतंत्र स्थान दाखवून दिले. हा निरोप नेणारे मज्जातंतू शरीरातील सर्वांत जाड व वेगवान तंतूंपैकी आहेत. त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे ८० ते १२० मीटर वेगाने धावतो.

हे तिन्ही निरोप लहान मेंदू, मस्तिष्कस्तंभ आणि मोठ्या मेंदूचे बाह्यपटल यांच्याकडे पोहोचतात. तेथे त्यांचा मेळ घातला जातो. एखाद्या निरोपावर किती विश्वास ठेवायचा हेही मेंदूच ठरवितो. अंधारात तो पायांवर अधिक विसंबतो, तर चिखलात किंवा भुसभुशीत वाळूत डोळे आणि कान यांवर.

निरोप कोठे तुटतो?

पायाच्या बोटांपासून निघणारे तंतू कमरेच्या मणक्यांलगत असलेल्या पेशींच्या गाठींपर्यंत जातात. एक मीटरच्या आसपास लांबी असलेले हे तंतू शरीरातील सर्वांत लांब होत. त्यामुळे रक्तातील दोषांचा घाव प्रथम त्यांच्या टोकांवर बसतो. तळव्यांना मुंग्या येणे, गादीवर किंवा कापसावर चालल्यासारखे वाटणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, ही त्याची पहिली लक्षणे होत. बधिरता बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकते.

या विकाराचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे महत्त्वाचे कारण. हे जीवनसत्त्व प्रामुख्याने प्राणिज अन्नातून मिळत असल्याने, दूधदुभतेही कमी घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींत त्याची उणीव होऊ शकते. तिच्यामुळे मेरुरज्जूच्या मागील बाजूचे, अंगस्थितीची जाणीव नेणारे तंतूच खराब होतात. ही उणीव वेळेवर ओळखली तर भरून काढता येते, पण विलंब झाल्यास हानी कायमची राहू शकते. अतिरिक्त मद्यपान आणि कर्करोगावरील काही औषधे यांमुळेही संवेदनावाहक मज्जातंतूंना इजा होते.

जीवनसत्त्वाची गोळी निरुपद्रवीच असते, असाही एक समज आहे. तो खरा नाही. ब-६ जीवनसत्त्व दीर्घकाळ अतिरिक्त प्रमाणात घेतल्याने चालताना तोल जाऊ लागलेल्या रुग्णांची माहिती अमेरिकी वैद्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली होती. म्हणून मज्जातंतूंसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्याही वैद्यकीय सल्ल्याशिवाय महिनोन्महिने घेऊ नयेत.

कानातील तोलाच्या इंद्रियालाही औषधांचा उपद्रव होऊ शकतो. क्षयरोगावर १९४३ मध्ये शोधल्या गेलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने असंख्य प्राण वाचविले. परंतु काही रुग्णांचा तोल मात्र या औषधाने हिरावून घेतला. अशा एका वैद्याने १९५२ मध्ये स्वतःचा अनुभव लिहून ठेवला आहे. नाडीच्या ठोक्याने डोके इतके किंचित हलते की निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. पण तेवढ्या हालचालीनेही त्याला पुस्तकातील अक्षरे उडताना दिसत. वाचण्यासाठी त्याला पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट रोवून ठेवावे लागे.

एक साधी परीक्षा

तोंड धुताना तोल जाणे ही तक्रार वैद्यकशास्त्राला जुनी आहे. बर्लिनचे मोरिट्झ रोम्बर्ग यांनी १९ व्या शतकाच्या मध्यास वर्णिलेली परीक्षा आजही वैद्य करतात. रुग्णाला पाय जुळवून उभे करतात आणि मग डोळे मिटावयास सांगतात. डोळे उघडे असता स्थिर असणारी व्यक्ती डोळे मिटताच डोलू लागली किंवा पडू लागली, तर पायांकडील किंवा कानाकडील निरोप क्षीण झाला आहे आणि आजवर डोळे त्याची भरपाई करीत होते, असा त्याचा अर्थ होतो. डोळे उघडे असतानाच तोल जात असेल तर दोष लहान मेंदूत असण्याचा संभव अधिक. उपकरणावाचून होणारी ही परीक्षा फार मोलाची आहे. मात्र रुग्णाला सावरण्यासाठी कोणीतरी जवळ उभे असल्याशिवाय ती करू नये.

मेंदूतील नकाशा

मॉन्ट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३० नंतरच्या काळात जागृत रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना एक महत्त्वाची गोष्ट सविस्तर नोंदविली. मेंदूच्या बाह्यपटलावर साऱ्या शरीराचा जणू नकाशा रेखाटलेला असतो. त्यात ओठ आणि हात यांना मोठी जागा असते, तर पावलांची जागा वरच्या टोकाला, दोन अर्धगोलांच्या मधल्या बाजूस असते. हा नकाशा जन्मभर कायम राहतो, असा समज पुढेही बराच काळ होता.

या समजाला १९८० नंतरच्या दशकात मोठा धक्का बसला. अमेरिकेतील मायकेल मर्झेनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या हातातील एक मज्जातंतू तोडून पाहिला. त्या तंतूची मेंदूतील जागा ओस पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हाताच्या शेजारच्या भागांनी ती व्यापली. पडीक शेताचा बांध शेजारच्याने कोरावा, तसा हा प्रकार. मेंदू हा वापरानुसार आपली जमीन पुनःपुन्हा वाटून घेतो, असे त्यावरून दिसून आले.

एम. आर. आय. तंत्रामुळे आता माणसाच्या मेंदूतील असे बदल इजा न करता पाहता येतात. मधुमेहामुळे पायांचे मज्जातंतू खराब झालेल्या रुग्णांची पाहणी इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी केली. संवेदना ग्रहण करणाऱ्या बाह्यपटलाची जाडी अशा रुग्णांत कमी झाल्याचे त्यांना २०१९ मध्ये आढळून आले. पायांचा म्हणून समजला जाणारा विकार मेंदूपर्यंत पोहोचतो तो असा.

त्याच वेळी मेंदू सावरण्याचाही प्रयत्न करीत असतो. पायांचा निरोप क्षीण झाला की तो डोळ्यांच्या निरोपाला अधिक वजन देऊ लागतो. हा उपाय गुणकारी असला तरी त्याची किंमत मोजावी लागते. बाजारातील गर्दी, शेजारच्या रुळावरून निघालेली आगगाडी अशा हलत्या दृश्यांनी नजरेची फसगत होते आणि उभा माणूस डोलू लागतो.

दुसरा बदल अवधानाचा. निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करीत नाही. तोलाचा विकार असलेल्या व्यक्तीला मात्र प्रत्येक पावलाकडे लक्ष पुरवावे लागते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये वृद्धांची पाहणी केली. चालता चालता कोणी बोलू लागले की जे वृद्ध थांबून मगच उत्तर देत, ते पुढील काळात पडण्याचा धोका अधिक असल्याचे दिसून आले. चालणे आणि बोलणे या दोन्ही कामांना पुरेल एवढे अवधान त्यांच्याजवळ उरलेले नव्हते.

तोल आणि वाटेची आठवण

कानातील तोलाच्या इंद्रियाचा संबंध केवळ उभे राहण्याशी नाही. वाटा लक्षात ठेवण्यासाठी मेंदूच्या खोल भागातील हिपोकॅम्पस हा अवयव महत्त्वाचा असतो. लंडनच्या गुंतागुंतीच्या रस्त्यांची माहिती मुखोद्गत करणाऱ्या टॅक्सीचालकांत त्याचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० मध्ये दाखविण्यात आले होते. याच्या उलट बाजूचा अभ्यास जर्मनीतील थॉमस ब्रांट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही कानांचे तोलाचे मज्जातंतू काही वर्षांपूर्वी गमावलेल्या १० रुग्णांत हिपोकॅम्पसचे आकारमान निरोगी व्यक्तींपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी होते. संगणकाच्या पडद्यावरील आभासी जागेत वाट शोधणेही त्यांना जड गेले. दोष अंशतः असलेल्या रुग्णांत मात्र असे आकुंचन दर वेळी आढळलेले नाही. म्हणून चक्कर येणाऱ्या प्रत्येकाने स्मृती जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

तिन्ही बाजूंनी घाला

क्वचित आढळणाऱ्या एका आनुवंशिक विकारात कानाचे तोलाचे इंद्रिय, संवेदनावाहक मज्जातंतू आणि लहान मेंदू हे तिन्ही एकाच वेळी निकामी होऊ लागतात. सामान्यतः पन्नाशीच्या सुमारास चालणे डळमळीत होते. एम. आर. आय. चित्रात लहान मेंदू आकसलेला दिसतो. अनेक रुग्णांत तोल जाण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून, कारण न सापडणारा कोरडा खोकला असतो. या विकाराच्या मुळाशी असलेला जनुकीय दोष २०१९ मध्ये शोधण्यात आला. तो आई व वडील या दोघांकडून आल्याशिवाय विकार सहसा प्रकट होत नाही. म्हणूनच घरात आधी कोणालाही हा त्रास नसताना तो अकस्मात उद्भवल्यासारखा वाटतो. त्यावर अद्याप मूलगामी औषध नाही. तरीही निदानाला महत्त्व आहे, कारण त्यामुळे रुग्णाची निरर्थक तपासण्यांतून सुटका होते आणि व्यायामोपचार लवकर सुरू करता येतात.

डोळ्यांनी चालणारा माणूस

मेंदू किती मजल मारू शकतो याचे विलक्षण उदाहरण इयान वॉटरमन या ब्रिटिश गृहस्थांचे आहे. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, एका तापानंतर त्यांच्या मानेखालील सर्व शरीराची स्पर्शाची व अंगस्थितीची जाणीव नष्ट झाली. स्नायू शाबूत होते, वेदना आणि उष्णता कळत होती. पण हातपाय कोठे आहेत हे कळत नसल्याने त्यांना उठून बसताही येईना. गेलेली जाणीव परत आली नाही. तथापि प्रत्येक अवयवाकडे टक लावून पाहत, प्रत्येक हालचाल आधी मनात योजून, ते प्रथम बसावयास, मग उभे राहावयास आणि दीर्घ सरावानंतर चालावयास शिकले. पुढे त्यांनी नोकरीही केली. त्यांची हकीकत जोनाथन कोल या वैद्यांनी १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

खोलीतील दिवा अचानक गेला की वॉटरमन कोसळत. इतरांच्या नकळत घडणाऱ्या साध्या हालचालीसाठी त्यांना आयुष्यभर जाणीवपूर्वक श्रम करावे लागले. मेंदू नवा मार्ग काढू शकतो, पण तो मार्ग कष्टाचा असतो, हे या उदाहरणातून समजते.

सरावाचे शास्त्र

हा मार्ग सामान्य रुग्णांना कसा खुला करता येईल, याचे उत्तर १९ व्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील वैद्य हेन्रिक फ्रेंकेल यांना एका रुग्णानेच दिले, असे सांगतात. या रुग्णाला उपदंशामुळे मेरुरज्जूचा विकार झाला होता आणि तपासणीत त्याला बोट नाकाच्या शेंड्यावर नीट नेता आले नव्हते. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याने ही क्रिया उत्तम करून दाखविली. तपासणीत अपयश आले म्हणून त्याने घरी तिचा सराव केला होता! त्यावरून फ्रेंकेल यांनी क्रमवार व्यायामांची पद्धत बसविली. प्रथम निजून, मग बसून, मग उभे राहून आणि शेवटी जमिनीवर आखलेल्या पाऊलखुणांवर चालत, पावलाकडे पाहत, मोठ्याने अंक मोजत हे व्यायाम करावयाचे असतात. यात बळापेक्षा अचूकतेला महत्त्व असते. फ्रेंकेल यांच्या नावाने ओळखले जाणारे हे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञ आजही शिकवितात.

कानाच्या विकारातही हेच तत्त्व लागू पडते. एका बाजूचे इंद्रिय निकामी झाल्यास आरंभी भयंकर चक्कर येते. परंतु मेंदू काही आठवड्यांत नवा हिशेब बसवू लागतो. त्यासाठी डोके हलविणे, नजर स्थिर ठेवून मान फिरविणे, चालणे आवश्यक असते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या आरंभीच्या काही दिवसांपुरत्या उपयोगी असतात. त्या महिनोन्महिने घेतल्यास मेंदूच्या या शिक्षणात अडथळा येतो. चूक झाली तरच दुरुस्ती शिकता येते. जो हलतच नाही त्याच्या मेंदूला शिकण्याची संधीच मिळत नाही.

घरातील काळजी

याचा अर्थ रुग्णाला एकटे सोडून द्यावे असा नाही. सराव सुरक्षित असला पाहिजे. खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा. वाटेत सतरंजीचे दुमडलेले टोक, उंबरठ्याजवळची चपला-भांडी असू नयेत. तोंड धुणे व अंघोळ स्टुलावर बसून करावी, ओल्या फरशीवर लगेच पाणी निपटावे. मधुमेही व्यक्तीने अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत, कारण तेथील जखम तिला दुखून कळेलच असे नाही. फार जाड व मऊ तळव्यांच्या चपलांपेक्षा पायाला घट्ट बसणारे, टणक तळाचे पादत्राण बरे.

काठी वापरण्याचा संकोच मनातून काढून टाकावा. बोटाच्या टोकाने स्थिर वस्तूला नुसता हलका स्पर्श केला तरी शरीराचे डोलणे कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. काठी भार पेलते, आणि शिवाय जमिनीची बातमी हातामार्गे मेंदूला पोहोचविते. पायांनी थांबविलेला निरोप हात पोहोचवू लागतात.

पाय बधिर वाटणे, अंधारात तोल जाणे किंवा वारंवार पडणे यांपैकी काहीही आढळल्यास रक्तातील साखर व ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी वैद्यकीय सल्ल्याने करून घ्यावी. मधुमेह व रक्तदाब यांसाठी ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींची तपासणी करण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमाखाली शासकीय आरोग्य केंद्रांतून उपलब्ध आहे. तिचा लाभ लक्षणे दिसण्यापूर्वीच घेणे श्रेयस्कर. मात्र तोल अचानक गेला आणि त्यासोबत बोलणे अडखळणे, एकाची दोन दृश्ये दिसणे, तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळा पडणे असे काही घडले, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

खाटेवर बसवून ठेवलेल्या आजीला पडण्यापासून आज वाचविता येते, पण उद्या तिचे पाऊल अधिकच डळमळीत होते. तिच्या शेजारी उभे राहून, हाताशी हात ठेवून, उजेडात रोज ठरावीक पावले तिला चालविणे हे अधिक कष्टाचे काम आहे. तिच्या पायांकडून येणारा निरोप कदाचित पूर्ववत होणार नाही. पण उरलेल्या निरोपांवर तोल सावरावयास तिचा मेंदू या वयातही शिकू शकतो आणि त्याला ती संधी देणे घरच्या मंडळींच्या हाती आहे.